सगुणाबाईंचा जोती

आपल्या मंडळातल्या बहुतेकांची मुसफ्फाशी ओळख होते ती गाडीचा बंपर ठोकला गेला की. डेंटिंग-पेंटिंग, टायर, जुने स्पेअर पार्ट... काम झालं की मंडळी पूल ओलांडून पुन्हा अबू धाबीत! आम्ही मात्र गेली सतरा वर्षं इथेच आहोत. शाबियात घर आणि इंडस्ट्रियल एरियात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये क्वालिटीची नोकरी. वेल्डिंगचे जोड तपासायचे, कुठे पोकळी राहिली आहे ते शोधायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे लेखक म्हणून माझी कुवत काय असेल ते सुज्ञांनी ओळखावं.

आमच्या वर्कशॉपमध्ये सोलापूर, लातूर, साताऱ्याकडचे बरेच वेल्डर-फिटर आहेत. दरवर्षी एप्रिलमध्ये कॅम्पातल्या एका खोलीत ते फुले आणि आंबेडकर या दोघांची जयंती एकत्रच करतात. ११ आणि १४ एप्रिलच्या आसपासची सुट्टी बघायची, दोन बंक बाजूला सरकवायचे, स्टुलावर दोन तसबिरी, हार, पेढे. गेल्या वर्षी त्यांनी मला जोतीरावांवर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. मी म्हटलं, त्यात काय, पहिली मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, शेतकऱ्याचा असूड... शाळेपासून पाठ आहे. पण तयारीला बसलो आणि चरित्राच्या पहिल्याच पानावरच्या एका ओळीशी अडकलो. जोती वर्षाचा होण्याच्या सुमारास आई वारली. ही ओळ मी आयुष्यात निदान वीस वेळा वाचली असेन. त्या रात्री मात्र पुढे जाता येईना. त्याचं कारण माझ्या घरातलं आहे, ते पुढे सांगतो.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा, पुण्याचा. घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवायच्या धंद्यावरून फुले झालं. वडील गोविंदराव, आई चिमणाबाई, थोरला भाऊ राजाराम. चिमणाबाई धनकवडीच्या झगडे पाटलांची लेक. त्या गेल्या तेव्हा जोती अंगावर पिणारं मूल. आता विचार करा, १८२८ साल, बायको गेलेला पुरुष, पदरात दोन मुलं, पैकी एक तान्हं. असा माणूस वर्षाच्या आत पुन्हा बोहल्यावर उभा राहायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. गोविंदरावांनी दुसरं लग्न केलं नाही. मुलं सांभाळायला नात्यातल्याच सगुणाबाई क्षीरसागर घरात आल्या.

या सगुणाबाईंबद्दल आपल्याला फार थोडं माहीत असतं. मी सुद्धा त्यांचं नाव एका दमात वाचून पुढे जात आलो होतो. त्या बालविधवा होत्या. पुण्यात एका मिशनऱ्याच्या घरी अनाथ मुलं सांभाळायच्या, तिथे राहून थोडंफार इंग्रजी त्यांच्या कानावरून गेलेलं, जिभेवर बसलेलं. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर आयाच, किंवा इथे आपण म्हणतो तशी नॅनी! स्वतःचा संसार सुरू होण्याआधीच संपलेला, आणि आयुष्य दुसऱ्यांची मुलं वाढवण्यात चाललेलं. जोती त्यांच्या अंगाखांद्यावर वाढला. त्यांना घरात आऊ म्हणत. सावित्रीबाईंनी पुढे त्यांच्यावर कविता लिहिली. सुनेनं सासूवर कविता करावी असा प्रसंग आपल्याकडे किती घरांत आला असेल, सांगा!

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की आऊ आल्या त्या राहिल्या. वर्षभर सांभाळून परत गेल्या, मग दुसरी कोणी आली, मग तिसरी, असं झालं नाही. जोतीची शाळा गोविंदरावांनी मधेच बंद केली. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचं आहे, असं त्यांच्या कानात भरवणारे लोक होते. पोरगा शेतात राबू लागला. तेव्हा शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली हे सर्वांना माहीत आहे. या खटपटीत सगुणाबाईंचाही हात होता असं चरित्रांतून येतं, आणि ते मला अगदी पटतं. घरात रोज मुलाच्या तोंडाकडे बघणारं माणूस जो तगादा लावतं, तो बाहेरच्या मोठ्या माणसांना जमत नाही. १८४१ मध्ये जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. त्याच्या आदल्या वर्षी त्याचं लग्न झालं होतं. नवरी नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची सावित्री, नऊ वर्षांची. म्हणजे ती पोरही आईची सावली सोडून आली आणि आऊच्या हाताखाली आली.

पुढचं सगळं वेगानं सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत आहे. १८४८ मध्ये ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान, त्याच वर्षी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा, पाठोपाठ अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा. सावित्रीबाईंबरोबर सगुणाबाईही शिकल्या आणि शिकवू लागल्या. लोकांच्या दडपणाखाली १८४९ मध्ये गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. उस्मान शेख या मित्रानं आसरा दिला. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. सगुणाबाईंनी तो दिवस पाहिला. १८५४ मध्ये त्या गेल्या.

आता ज्यासाठी हा लेख लिहितो आहे तिथे येतो.

जोतीराव-सावित्रीबाईंना मूल झालं नाही. जोतीरावांनी दुसरं लग्न करावं म्हणून बराच आग्रह झाला, तो त्यांनी धुडकावला. (बापाचा वारसा म्हणायचा का हा?) आणि मग १८६३ साल आलं. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यानं तिला फसवलं. दिवस गेले, गर्भ पाडायचे उपाय फसले, मूल जन्माला आलं. अब्रूच्या भीतीनं तिनं ते मारलं आणि विहिरीत टाकलं. खटला झाला, काशीबाईला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांचं काय झालं हे विचारू नका.

जोतीरावांनी यावर निबंध लिहिला नाही, घर उघडलं. गंज पेठेतल्या स्वतःच्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं आणि ब्राह्मणवस्तीतल्या भिंतींवर जाहिराती लावल्या. विधवेनं इथे यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल न्यायचं असेल तर न्यावं, ठेवायचं असेल तर ठेवून जावं, असा मजकूर. त्या काळच्या पुण्यात! बाळंतपणं करायची, तान्ही मुलं बघायची ते सगळं सावित्रीबाईंकडे.

या गृहाची आकडेवारी जोतीरावांनी स्वतः दिली आहे. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य या विषयांवरची टिपणं लोकांच्या मतासाठी फिरवली, त्यावरच्या अभिप्रायात ते सांगतात की तोपर्यंत पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांपैकी पाच मुलं जगली. तीस गेली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी पोटात घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना गर्भातच इजा झाली होती, असं कारण ते देतात.

मंडळी, पस्तिसातली तीस. कॅम्पातल्या भाषणासाठी मी हा आकडा कागदावर लिहिला आणि पुन्हा खोडून पुन्हा लिहिला. वीस वर्षं हे जोडपं ज्या घरात जेवत होतं, झोपत होतं, त्याच घरात हे घडत होतं. एक मूल गेलं की माणूस खचतो. हे पुन्हा दार उघडं ठेवत होते. आपण जोतीरावांना पागोट्यातल्या तसबिरीत बघतो, करारी, भुवया आक्रसलेल्या. रात्री दोन वाजता कण्हणाऱ्या तान्ह्याला खांद्यावर घेऊन ओट्यावर येरझाऱ्या घालणारे जोतीराव कुणी काढलेले मी पाहिले नाहीत. अशा येरझाऱ्या त्यांनी घातल्याच असतील असं मी पुराव्यानं सांगू शकत नाही. पण राहत्या घरात तान्हं असलं की त्या कुणाला चुकत नाहीत, हे कुठलाही बाप सांगेल.

१८७४ मध्ये आणखी एक काशीबाई आली. जीव द्यायला निघालेली असताना जोतीरावांनी तिला घरी आणलं, ती तिथे बाळंत झाली. तिचा मुलगा या दोघांनी दत्तक घेतला. तो यशवंत. वर्षाच्या आत आई गमावलेला, दुसऱ्या बाईनं वाढवलेला जोती सत्तेचाळीसाव्या वर्षी स्वतः बाप झाला तो असा.

तीन वर्षांनी दुष्काळ पडला. १८७७ मध्ये सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम काढला. धनकवडी म्हणजे चिमणाबाईंचं माहेर! जागा निवडताना हे कुणाच्या मनात होतं की नाही देव जाणे (जोतीराव म्हणाले असते, निर्मिक जाणे). मला मात्र ते वाचून कसंतरीच झालं.

आता माझ्या घरातलं सांगतो.

आमची लेक २०११ ची. बायको एका खाजगी क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन. तेव्हा इथे खाजगी नोकरीत बाळंतपणाची रजा ४५ दिवस होती (२०२२ पासून ती ६० झाली आहे, नव्या आयांचं भाग्य). आठ महिने कशीबशी ओढाताण केली आणि मग लेकीला कराडजवळ गावी माझ्या आईकडे ठेवलं. कर्ज होतं, घराचे हप्ते होते. वर्षातून एकदा जायचं, बाकी फोनवर. ती साडेतीन वर्षांची झाली, शाळेचं वय आलं, म्हणून तिला आणायला मी दहा दिवसांच्या रजेवर गेलो. रडेल म्हणून रात्री आजीच्या कुशीत झोपलेली असतानाच उचलली आणि गाडीत घातली. विमानतळावर जागी झाली. तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही.

इथे आल्यावर चार दिवस रडली, मग दाराकडे बघत बसायला लागली, आणि तीन आठवड्यांनी एकदम शांत झाली. दिलेलं खायची, सांगितलं की झोपायची. आम्ही दोघं खूष, रुळली म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो! आईच्या मांडीवर मात्र जायची नाही. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी तेवढी सोडायची नाही. शेवटी एका डॉक्टरबाईंनी विचारलं की ही आधी कुणाजवळ होती आणि तो माणूस आता कुठे आहे. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि तेव्हा पहिल्यांदा मी जॉन बोल्बी हे नाव ऐकलं.

हा बोल्बी इंग्लंडचा मनोविकारतज्ज्ञ, १९०७ ते १९९०. दुसऱ्या महायुद्धानं लाखो मुलं बेघर झाली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्याकडून अहवाल मागवला. तो १९५१ मध्ये आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की तान्ह्या मुलाला दूध आणि औषध पुरत नाही. आई, किंवा आईच्या जागी कायमची असलेली एक व्यक्ती, तिच्याशी जवळचं आणि न तुटणारं नातं लागतं. ते तुटलं, आणि त्या जागी कुणीच आलं नाही, तर मूल आतून कोलमडतं. त्याच्या आधी रेने स्पिट्झ नावाच्या डॉक्टरनं एका अनाथालयाचा अभ्यास केला होता. तिथे स्वच्छता, खाणं-पिणं, डॉक्टर सगळं होतं, पण एकेका दाईकडे पुष्कळ मुलं, उचलून घ्यायला कुणाला सवड नाही. दोन वर्षांत ९१ पैकी ३४ मुलं दगावली. बोल्बीचा सहकारी जेम्स रॉबर्टसन यानं इस्पितळात एकटी ठेवलेली मुलं पाहिली आणि तीन पायऱ्या सांगितल्या. आधी आकांत, मग निराशा, आणि मग एक शांतपणा, ज्याला नर्सेस मूल रुळलं असं म्हणत! हे ऐकताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

गंमत म्हणजे खुद्द बोल्बीला लहानपणी एका आयेनंच वाढवलं होतं. तो चार वर्षांचा असताना ती नोकरी सोडून गेली आणि ते दुःख त्याला जन्मभर पुरलं. बोल्बीवर पुढे टीकाही झाली. सगळा भार आईवरच टाकला, बायकांना घरात डांबायला निमित्त दिलं, म्हणून. मायकेल रटर यानं १९७२ मध्ये दाखवलं की आई दूर असणं, आई नसणं आणि मुळात कधी कुणाशीच नातं न जुळणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच मापानं मोजू नयेत. मूल दोघातिघांनाही जीव लावू शकतं, हे तर एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्याला कुणी शिकवायला नको.

डॉक्टरबाईंच्या बोलण्यातून आम्हाला जे कळलं ते असं. इतके दिवस आम्ही स्वतःला दोष देत होतो की तिला आजीकडे ठेवलं. तिथे ती मजेत होती. खरी चूक मी त्या रात्री केली होती. तिच्या लेखी आई म्हणजे आजी, आणि त्या आईला मी झोपेत तिच्यापासून तोडलं होतं. आईला व्हिजिट व्हिसावर तीन महिने बोलावून घेतलं. पहिले कित्येक दिवस लेक तिच्याशी बोललीच नाही, रुसून पाठ फिरवून बसायची. मग एका दुपारी जाऊन तिच्या मांडीत शिरली. त्यानंतर आजी, लेक आणि माझी बायको अशा तिघी एका अंथरुणात झोपू लागल्या, आणि जोड हळूहळू बसत गेला. वर्ष लागलं. आता नववीत आहे, आमच्याशी भांडते व्यवस्थित!

म्हणून मी त्या ओळीशी अडकलो होतो. आई गेली ही ओळ वाचून आपण हळहळतो, पण जोतीच्या बाबतीत तिच्या पुढचीच ओळ महत्त्वाची आहे. सगुणाबाई आल्या, आणि जोती सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत त्या होत्या. एवढ्यावरून जोतीराव महात्मा झाले असं मी म्हणत नाही, इतकं सोपं गणित माणसाचं नसतं. पण परक्या बाईच्या हातून आपण आईच्या मायेनं वाढलो, हे ज्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, त्याला परक्याचं तान्हं परकं वाटणं अवघड जात असावं.

१८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंताला वारस केलं. पुढच्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. डाव्या हातानं लिहून शेवटचं पुस्तक पूर्ण केलं, ते त्यांच्या मागून १८९१ मध्ये छापून निघालं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, तेव्हा भाऊबंदांनी वाद काढला. दत्तकाला टिटवं धरायचा हक्क नाही म्हणे! रक्ताचा नाही ना! तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी पुण्याजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं, त्यात त्यांनाही प्लेगनं गाठलं. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत सुद्धा पाठीवर दुसऱ्याचंच मूल होतं.

कॅम्पातल्या खोलीत मी हे सगळं सांगितलं, दहाची पंचवीस मिनिटं झाली. समोर बसलेल्या तीसेक माणसांपैकी निम्म्यांची पोरं गावी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पेढे वाटून झाल्यावर लातूरकडचा एक फिटर मला जिन्यापर्यंत सोडायला आला. त्याची बायको मूल दीड वर्षाचं असताना वारली. मुलगा आत्याजवळ आहे, आता पाच वर्षांचा. घरच्यांचं म्हणणं, आत्याच्या गळ्यात किती दिवस ठेवायचं, तालुक्याला वसतिगृह आहे, तिथे घालू. त्यानं मला विचारलं की साहेब, आई नसलेलं पोरगं बिघडतंच का. मी काय डॉक्टर नाही. आमच्या लेकीची गोष्ट त्याला सांगितली, भाषणात सांगितली नव्हती ती. विमानतळासकट. तो जिन्याच्या कठड्याला टेकून ऐकत राहिला, मग म्हणाला की बहिणीला दर महिन्याला थोडे जास्त पैसे पाठवायला जमेल, ओव्हरटाइम आहे.

जूनमध्ये तो सुट्टीवर गेला होता. आत्याच्याच गावातल्या शाळेत मुलाचं नाव घातलं. त्यानं मला फोटो पाठवला आहे. शाळेच्या फाटकाशी नवा गणवेश घातलेला मुलगा आत्याच्या पदराआड लपलाय, फक्त एक डोळा दिसतोय.